कीबोर्डवर सिंथ बेस वाजवायचा आहे? पहिलं सामान कसं निवडाल

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातलं, मनमाड–छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावरचं बाजारपेठेचं गाव. अशा गावांतल्या बेंजो पार्टीत किंवा छोट्या ऑर्केस्ट्रात ढोलकी असते, ऑक्टोपॅड असतो, कीबोर्ड असतो. बेस गिटार वाजवणारा मात्र सहज मिळत नाही. मग खालचा भरणा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर येतो. त्यासाठी नवीन सिंथेसायझर घ्यावा, असा पहिला विचार मनात येतो. बऱ्याचदा तो खर्च आधी करायची गरज नसते. कारण बेसचा आवाज घरातल्या कीबोर्डमध्ये आधीच असतो. तो नीट ऐकू येईल असं साधन मात्र नसतं.

सिंथ बेस म्हणजे काय?

बेस म्हणजे गाण्यातली सर्वांत खालच्या सुरांची ओळ. ती तारेऐवजी इलेक्ट्रॉनिक आवाजावर वाजवली की तो सिंथ बेस. सिंथेसायझरमध्ये आधी एक जाड, कर्कश मूळ आवाज तयार होतो. फिल्टर त्यातला वरचा कर्कशपणा कापतो. सूर किती झटकन उठावा आणि किती वेळात विरावा, हे एन्व्हलप नावाचा भाग ठरवतो. फिल्टर जास्त मिटला की आवाज गोल आणि दबका होतो. उघडला की धारदार.

१९७० मध्ये आलेल्या मिनीमूग या वाद्याने असा बेस जगभर पोहोचवला. पुढे रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे छोटं यंत्र काढलं. बेस वाजवणारा नसला तरी गिटारवाल्याला सराव करता यावा, हा त्यामागचा हेतू. ते फारसं विकलं गेलं नाही आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पण मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या साथीने डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. अनेक वर्षांनी ती तबकडी जगभर गाजली. बाजारात पडलेल्या यंत्रातूनही नवं संगीत निघालं, ते वाजवणाऱ्याच्या कानामुळे.

आधी घरातला कीबोर्ड तपासा

१९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या प्रमाण यादीत १२८ आवाज आहेत. त्यात ३३ ते ४० हे बेसचे, आणि ३९ व ४० हे थेट सिंथ बेसचे. ही यादी पाळणाऱ्या साध्या कीबोर्डमध्येही ते सापडतात. काही वाद्यं मोजणी शून्यापासून करतात, तिथे ते ३८ आणि ३९ वर असतील.

नंतर दोन गोष्टी पाहा.

पहिली, स्प्लिट. यामुळे कीबोर्डचे दोन भाग होतात: डावीकडे बेस, उजवीकडे दुसरा आवाज. अनेक घरगुती कीबोर्डमध्ये डाव्या हाताने कॉर्ड धरली की रिदमसोबत बेस आपोआप वाजतो. तो यंत्राचा बेस. स्वतः वाजवायचा असेल तर ही स्वयंचलित साथ बंद करून स्प्लिट चालू करावं लागतं.

दुसरी, ऑक्टेव्ह बदलण्याची सोय. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सर्वांत डावीकडचा 'सी' साधारणपणे ६५ हर्ट्झचा असतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार मात्र ४१ हर्ट्झला वाजते. तिथपर्यंत जायचं तर एक ऑक्टेव्ह खाली यावं लागतं.

या दोन्ही सोयी असतील, तर शिकायला सुरुवात करण्यासाठी नवीन वाद्याची गरज नाही.

पहिला खर्च: ऐकण्याचं साधन

कीबोर्डमधले स्पीकर लहान असतात. खालचे सूर त्यांतून जवळजवळ येतच नाहीत. ऐकू येते ती फक्त त्यांची वरची किनार. त्यामुळे 'या कीबोर्डचा बेस पातळ आहे' असा गैरसमज होतो आणि लोक वाद्यच बदलायला निघतात.

सरावासाठी कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर इथे उपयोगाचा नाही, कारण पट्टी दाबल्यानंतर आवाज किंचित उशिरा येतो आणि ताल सुटतो. हेडफोनची पिन लहान आणि कीबोर्डचं छिद्र मोठं असेल, तर जोडणीचा अडॅप्टर लागतो.

मंडळीत बसून वाजवायचं असेल, तर १० किंवा १२ इंची पॉवर्ड स्पीकर किंवा कीबोर्डचा अ‍ॅम्प्लिफायर बघा. गिटारचा छोटा अ‍ॅम्प टाळावा. मोठ्या आवाजातल्या बेसने त्याचा स्पीकर फाटू शकतो.

गायकाची पट्टीही इथे महत्त्वाची. काळी एकमध्ये गाणं असेल तर बेसचा 'सा' साधारण ६९ हर्ट्झला येतो, आणि त्याखालचा ३५ हर्ट्झला. हा खालचा 'सा' लहान पेटीतून ऐकूच येत नाही. तिथे वरचाच 'सा' वाजवणं शहाणपणाचं.

दुसरा पर्याय: मिडी कीबोर्ड

घरात कीबोर्डच नसेल, पण लॅपटॉप असेल, तर २५ किंवा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड हा कमी खर्चाचा मार्ग. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बहुतेक मिडी कीबोर्डना स्वतःचा आवाज नसतो. तो थेट स्पीकरला जोडून काहीच वाजत नाही. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून येतो. सर्ज एक्सटी मोफत आहे, व्हायटलचीही मोफत आवृत्ती मिळते. आयफोन आणि आयपॅडवर गॅरेजबँड चालतं. विंडोज लॅपटॉपवर आवाज उशिरा येत असेल, तर ऑडिओ इंटरफेस लागतो. तो खर्च आधीच धरावा. दोन्ही हातांनी वाजवायचं असेल तर २५ पट्ट्या अपुऱ्या पडतात.

खास बेसचा सिंथ कधी?

सराव होऊन कार्यक्रम मिळू लागले, आणि तयार आवाज अपुरे वाटू लागले, की मग. नोव्हेशनचा बेस स्टेशन टू आणि कॉर्गचा मोनोलॉग हे २५ पट्ट्यांचे सिंथ एका वेळी एकच सूर वाजवतात. बेसला तेवढंच लागतं. मोनोलॉग बॅटरीवरही चालतो. आर्टुरियाच्या मायक्रोब्रूटमध्ये तयार केलेला आवाज साठवता येत नाही. दर गाण्याआधी बटणं नव्याने लावावी लागतात. स्टेजवर हे जड जातं. कॉर्गचा व्होल्का बेस आकाराने लहान आहे, पण त्याला खऱ्या पट्ट्या नाहीत. हाताने वाजवायचं तर वेगळा मिडी कीबोर्ड जोडावा लागतो.

स्टेजवर जाताना

साउंडवाल्याला एकच वायर द्यायची असेल तर ती 'एल/मोनो' लिहिलेल्या छिद्रातून द्या. जनरेटरवर घरघर येत असेल तर डीआय बॉक्स उपयोगी पडतो. दुसऱ्याचा अडॅप्टर लावण्यापूर्वी व्होल्टेज आणि पिनचं अधिक-उणे टोक जुळवून पाहा. ते उलटं असेल तर वाद्य जळू शकतं.

जुनं वाद्य घेताना

लासूर स्टेशनहून शहर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वाद्य न पाहता मागवण्यापेक्षा एक फेरी परवडते. जाताना स्वतःचा हेडफोन न्या. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहा. बटण फिरवताना खरखर येते का, पिच बेंडचं चाक सोडल्यावर मधोमध परत येतं का, स्प्लिट मिळतं का, हे तपासा.

सामान आल्यावर पहिला महिना 'सा' आणि 'प' या दोनच सुरांवर केहरवा वाजवा. सम चुकू द्यायची नाही, आणि सूर वेळेवर सोडायचा. पट्टीवरून बोट उशिरा उचललं की बेस ढोलकीवर सांडतो आणि सगळा ठेका गढूळ होतो. हा दोष महागड्या सिंथनेही झाकला जात नाही. तो ऐकू येऊ लागला, की पुढचं वाद्य कोणतं घ्यायचं हे ठरवणं सोपं जातं.