नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील पाणथळ अभयारण्य. नाशिककडून येणारी गोदावरी वाटेत दारणेला पोटात घेते, तर कादवा दिंडोरीकडून उतरते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा घातला गेला तो निव्वळ सिंचनासाठी. त्यावरून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता भागात ऊस उभा केला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हता.

बंधाऱ्याने पाण्याबरोबर गाळही अडवला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, काठाला पाणकणीस माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही तूट, पण पक्ष्यांची सारी बरकत तिच्यावरच आहे. चमचा हा पक्षी गुडघाभर पाण्यात उभा राहून अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत भक्ष्य चाळतो. खोल पाण्यात त्याचा निभाव लागणे नाही. जांभळी पाणकोंबडी पायात देठ धरून सोलून खाते. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. वारकरी या काळ्या पाणपक्ष्याचे थवे तर पाण्यावर काळे पट्टे ओढल्यासारखे दिसतात. पक्ष्यांच्या अडीचशेच्या आसपास आणि माशांच्या २४ जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले; अधिसूचित क्षेत्र सुमारे १०० चौ. किमी. जानेवारी २०२० मध्ये याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. सलीम अलींनी याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगतात. तुलना एका अर्थाने नेमकी आहे, कारण भरतपूरची पाणथळही माणसानेच घडवलेली.

पाण्याची पातळी मात्र पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही. गंगापूर व दारणा धरणांतून सुटणारे पाणी आणि कालव्यांची आवर्तने तिची चढउतार ठरवतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रे ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग’ असे रोज छापतात, तो याच बंधाऱ्यावरून. पूर चढला की चांदोरी, सायखेडा पाण्याखाली जातात, आणि गाळ काढण्याची मागणी दर वेळी नव्याने होते. ती गैरवाजवी म्हणता येत नाही. तरी सरसकट गाळ उपसला तर पक्ष्यांचा थाराही जाईल. नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल ही वेगळी डोकेदुखी.

चापडगाव व खाणगाव थडी येथून पक्षी पाहता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निफाडची थंडी कडाक्याची असल्याने पहाटे गरम कपडे हवेतच.