तारा सैल करण्याची गोष्ट

गाणे सुरू होण्यापूर्वी तंबोरा लागतो. मालकंस गायचा असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात लावतात, कारण त्या रागात पंचमच नाही. म्हणजे गायकाने सूर लावण्याआधीच एक निर्णय झालेला असतो. आज अशाच एका निर्णयाची गोष्ट सांगायची आहे. ती हवाई बेटांवर सुरू होते आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात, काळ्या लोकांच्या ब्लूज गाण्यात येऊन पोचते.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार आपल्याला अगदीच परकी नाही. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली चित्रपटगीते अनेकांनी रेडिओवर ऐकली असतील. शब्द नसले तरी गाणे ओळखू यायचे, कारण ती गिटार माणसाच्या गळ्यासारखी मींड घेते.

हवाईत गिटार पोचली ती गुरांच्या मागोमाग. 1793 मध्ये कॅप्टन व्हॅन्कुव्हरने तिथल्या राजाला गुरे भेट दिली. ती इतकी माजली, की त्यांना आवरायला 1830 च्या दशकात मेक्सिकोहून गुराखी आणावे लागले. त्यांच्याबरोबर गिटार आली. हवाईच्या लोकांनी तिच्या काही तारा सैल केल्या आणि अशा जुळवल्या, की डावा हात न लावता नुसती बोटे फिरवली तरी गोड स्वरमेळ वाजावा. या पद्धतीच्या हवाईयन नावाचा अर्थच ‘सूर सैल करणे’ असा आहे.

पुढचे पाऊल टाकले जोसेफ केकुकु याने. 1874 साली ओआहू बेटावर जन्मलेल्या या मुलाने शाळकरी वयातच तारांवर बोटांऐवजी पोलादाचा तुकडा सरकवायला सुरुवात केली. 1893 मध्ये हवाईच्या राणीची सत्ता उलथवली गेली, 1898 मध्ये अमेरिकेने बेटे आपल्यात सामील करून घेतली. अनेक वादक पोटासाठी मुख्य भूमीवर गेले. केकुकुही 1904 मध्ये गेला आणि 1932 मध्ये न्यू जर्सीत वारला.

आता तारांच्या निर्णयाकडे येऊ. नेहमीच्या गिटारवर डाव्या हाताची बोटे निरनिराळ्या पडद्यांवर पडतात, त्यामुळे हवा तो स्वरमेळ साधतो. मांडीवरच्या गिटारवर मात्र एक सरळ कांडी असते. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत टेकते. म्हणून स्वरमेळ आधीच तारांमध्ये भरून ठेवावा लागतो. यालाच ओपन ट्यूनिंग म्हणतात. मग कांडी पाचव्या पडद्यावर नेली की मध्यमाचा मेळ, सातव्यावर नेली की पंचमाचा. साध्या ब्लूजला एवढ्या तीन जागा पुरतात.

ब्लूज वाजवणाऱ्यांत दोन जुळण्या मुख्य. ‘ओपन डी’मध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा असे स्वर येतात. ‘ओपन जी’मध्ये प सा प सा ग प. फरक लहान दिसतो, पण ऐकायला मोठा आहे. ‘डी’मध्ये खाली षड्ज आणि वरही षड्ज, त्यामुळे चाल वरच्या तारेवर सहज घरी परतते आणि खालून खर्ज भरभरून साथ देतो. ‘जी’मध्ये वरची तार पंचमाची. तिथे चाल मधल्या तारांवर खेळते, सवाल-जबाब चांगले रंगतात. गाणाऱ्याचा गळा कुठे बसतो, चाल कुठे विसावते, हे पाहून निवड करायची.

‘डी’चाच साचा दोन स्वरांनी वर चढवला की ‘ई’, आणि ‘जी’चा चढवला की ‘ए’. आवाज अधिक टणक होतो, पण तारांवर ताण येतो. तरुणपणी मित्राच्या साध्या गिटारवर मी उत्साहाने ‘ई’ लावायला गेलो. चौथी तार फाडकन तुटली आणि हाताला लागली. मित्र शांतपणे म्हणाला, “अरे, तेच अंतर ठेवून ‘डी’त लाव. चढवायचे कशाला, उतरव की!” तारा विकत आणायला ज्यांच्याकडे पैसे नसत, त्यांना हे शहाणपण आधीच ठाऊक असणार. अर्थात फार सैल तारही कांडीखाली भडभडते.

ब्लूजचा खरा जीव आहे तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या गंधारात. मोकळ्या तारेत तर शुद्ध गंधार पक्का बसलेला. मग वादक ती तार टाळतो, षड्जाच्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी कोमल गंधार धरतो आणि कांडी किंचित पुढे ढकलतो. स्किप जेम्स या गायकाने 1931 च्या ध्वनिमुद्रणांत गंधाराची तारच उतरवून कोमल केली होती. पण तो बोटांनी वाजवत असे. कांडीने वाजवणाऱ्याने तसे केले तर मध्यमाचा आणि पंचमाचा मेळही उदास होऊन बसतो.

या जुळण्यांची जुनी नावे तर इतिहासच सांगतात. ‘जी’ला ‘स्पॅनिश’ म्हणत, ‘डी’ला ‘व्हेस्टापोल’. हेन्री वॉरल याने 1860 मध्ये दिवाणखान्यात वाजवण्यासाठी गिटारच्या दोन रचना प्रसिद्ध केल्या, ‘स्पॅनिश फँडँगो’ आणि ‘सेबॅस्टोपोल’. दुसरीचे नाव क्रिमियाच्या युद्धात वेढा पडलेल्या शहराचे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांपर्यंत पोचताना ‘सेबॅस्टोपोल’चे ‘व्हेस्टापोल’ झाले.

पण कांडी कुठून आली? 1903 च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर एका गरीब माणसाला सुरी तारांवर दाबून वाजवताना ऐकले. 1941 च्या आत्मचरित्रात ती पद्धत हवाईयन वादकांची म्हणून त्यांनी सांगितली. पुढच्या अनेक अभ्यासकांनी मात्र तिचे मूळ आफ्रिकेत शोधले, कारण भिंतीला तार ठोकून तिच्यावर बाटली फिरवण्याचा खेळ काळी मुले खेळत. जॉन ट्राउटमन यांनी 2016 च्या आपल्या पुस्तकात हवाईयन मंडळ्यांच्या दक्षिणेतील दौऱ्यांचे पुरावे देऊन केकुकुच्या लोकांचे श्रेय पुन्हा मांडले. मला वाटते, तार दोन्हीकडे होती. पण सहाही तारा जुळवून, गिटार मांडीवर घेऊन बसण्याची बैठक हवाईचीच.

टेक्सासचा बी. के. टर्नर, म्हणजे ब्लॅक एस, याच बैठकीने वाजवी. कांडीच्या जागी औषधाची छोटी बाटली. त्याने विद्या घेतली ऑस्कर वूड्सकडून. हा वूड्स श्रीव्हपोर्टच्या रस्त्यांवर वाजवणारा. जिमी डेव्हिस या गोऱ्या गायकाला त्याने ध्वनिमुद्रणात साथ केली. तोच डेव्हिस पुढे दोनदा लुइझियानाचा गव्हर्नर झाला आणि काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याचा कैवारी ठरला. वूड्सच्या वाट्याला रस्ताच राहिला.

ब्लॅक एस 1930 च्या दशकात फोर्ट वर्थच्या रेडिओवर वाजवत असे. मग सैन्यात गेला, गिटार मागे पडली. 1960 मध्ये संग्राहकांनी त्याला शोधून काढले, तेव्हा ती गिटार त्याने पुन्हा मांडीवर घेतली. ते ध्वनिमुद्रण मिळाले तर जरूर ऐका. मोकळ्या तारांवरून त्याचा हात एकदा फिरतो आणि हवाईचे गुराखी, क्रिमियाचा वेढा, कापसाची शेते, सगळे एका झंकारात ऐकू येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)