टपालाची अमानत

बंद पत्र ही अमानत आहे, हे इंग्रज सरकारने कायद्यात लिहिले. पण स्वतःसाठी वाट मोकळी ठेवून. 1898 च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम 52 प्रमाणे टपाल चोरणाऱ्या, लपवणाऱ्या वा फेकून देणाऱ्या टपाल नोकराला सात वर्षांपर्यंत कैद होती. कर्तव्य मोडून नुसते पत्र उघडले किंवा मुद्दाम अडवून ठेवले, तरी कलम 53 खाली दोन वर्षांपर्यंत. कलम 26 मात्र सांगे की, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकार कोणाचेही टपाल अडवू शकेल. म्हणजे नोकराने केली तर खयानत, साहेबाने केला तर बंदोबस्त!

'रेशमी रुमाल' तहरीक आम्ही याच नजरेने वाचतो. 1916 मध्ये मौलाना उबैदुल्ला सिंधींनी काबूलहून पत्रे रेशमी कापडावर लिहिली आणि टपालात न टाकता माणसाच्या हाती पाठवली. तीही मुलतानला रब नवाज खान यांच्यामार्फत सरकारच्या हाती गेली. शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना हिजाजमध्ये पकडून माल्टाच्या कैदेत नेले. सुटका झाली 1920 मध्ये.

तो कायदा 2024 मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या कायद्यात टपाल अडवण्याचा अधिकार कलम 9 मध्ये कायम आहे. कलम 52 आणि 53 च्या शिक्षा मात्र त्यात नाहीत.