वेताची जाडी अर्धा इंच

1 जानेवारी 1862 रोजी भारतीय दंड संहिता अमलात आली, तेव्हा तिच्या 53व्या कलमातल्या शिक्षांच्या यादीत फटके नव्हते. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये सादर केलेल्या मसुद्यातही ही शिक्षा वगळली होती. पण 1864 च्या सहाव्या कायद्याने दोनच वर्षांत ती परत आणली. चोरीसारख्या गुन्ह्यांना संहितेतल्या शिक्षेऐवजी फटके देण्याची मुभा न्यायालयांना मिळाली. 1909 मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी फटके राहिलेच.

शिक्षा प्रत्यक्षात कशी द्यायची, हे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सापडते. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या गुन्हेगारासाठी हलका वेत, पण त्याची जाडी अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. फटके जास्तीत जास्त तीस. सोळा वर्षांखालच्या मुलाला पंधरा. स्त्रियांना ही शिक्षा नाही. न्यायालयाच्या मते पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषालाही नाही. हप्त्याहप्त्याने फटके मारायला बंदी.

डॉक्टरसंबंधीची तरतूद मात्र थांबून वाचावी अशी आहे. वैद्यकीय अधिकारी हजर असेल, तर माणूस फटके सोसू शकेल असे त्याने आधी प्रमाणित करायचे. मध्येच प्रकृती ढासळल्याचा दाखला त्याने दिला, तर फटके कायमचे थांबवायचे. पण सुटका तेवढ्यावर होत नसे. न्यायालय उरलेली शिक्षा माफ करू शके, किंवा न मारलेल्या फटक्यांच्या बदल्यात बारा महिन्यांपर्यंत कैद देऊ शके. या शिक्षेखाली शरीर कोसळू शकते, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्यासाठी त्यांनी कलम लिहून ठेवले होते.

या कलमांसमोर बनारसची 1921 मधली घटना ठेवून पाहू. असहकार आंदोलनात पकडलेल्या चंद्रशेखर आझादांचा जन्म 23 जुलै 1906 चा; म्हणजे तेव्हा वय पंधरा. आठवणींमध्ये फटक्यांचा आकडा पंधरा येतो, आणि त्या वयासाठी कायद्याची कमाल मर्यादाही तीच होती. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नेहरूंनी हा प्रसंग दिला आहे: मुलाला नग्न करून टिकटीला बांधले, प्रत्येक फटक्याला तो गांधीजींचा जयजयकार करत राहिला, आणि अखेर बेशुद्ध पडला. हे आझादांच्या मृत्यूनंतरचे लेखन आहे, आणि आपण तेथे हजर होतो असे नेहरू म्हणत नाहीत. म्हणून बारकाव्यांवर भार टाकताना जपायला हवे. पण पंधरा वर्षांच्या पोराला पंधरा फटके मारणे ही कुणा अधिकाऱ्याची मनमानी नव्हती. छापील कायदाच ती परवानगी देत होता. वयाची अट, फटक्यांची मर्यादा, वेताचे माप या तरतुदींना दया म्हणता येत नाही. मारहाण कचेरीच्या शिस्तीत चालावी, एवढीच त्यांनी व्यवस्था केली.

स्वतंत्र भारताच्या संसदेने 1955 च्या 44व्या कायद्याने न्यायालयांची ही शिक्षा रद्द केली. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या केंद्रीय मजकुरात मात्र, तुरुंगाची शिस्त मोडणाऱ्या कैद्याला तीस फटक्यांपर्यंत शिक्षा देणारे शब्द त्यानंतरही राहून गेले. एक कायदा रद्द झाला म्हणून शिक्षा संपली असे मानता येत नाही. ती जिथे जिथे लिहिली आहे, तिथून ती खोडावी लागते. तुरुंगात तर हे अधिकच निकडीचे, कारण तिथल्या माणसाचे शरीर पूर्णपणे सरकारच्या ताब्यात असते.