नांगर संग्रहालयात, नाव उताऱ्यावर

बाणावलीचे ‘गोवा चित्र’ अजून पाहिले नसेल तर एक दिवस काढून जाच. व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी गावोगाव फिरून, मोडीत निघालेल्या घरांतून जमवलेल्या चार हजारांवर वस्तू तिथे आहेत. इमारतीलासुद्धा जुन्याच घरांचे लाकूडसामान वापरले आहे. नांगर, घाणा, उसाचा प्रचंड चरक, रांजण, पालख्या. लहानपणी गोठ्यात पाहिलेली वस्तू अशी भिंतीला टेकून उभी दिसली की जरा चमत्कारिकच वाटते.

मी मात्र धान्याच्या मापांपाशी जास्त वेळ थांबलो. महसुलाच्या कागदांत आयुष्य गेलेल्या कारकुनाचे लक्ष दुसरीकडे कुठे जाणार!

माप ही साधी वस्तू नव्हे. आपल्या गोव्यात काय किंवा थेट बालाघाटकडच्या लालबर्रात काय, भात पिकवणाऱ्या मुलखात धान्य खंडीने मोजायचे. पण मोजायचे कोणी आणि कोणाच्या मापाने? नांगर धरायचा कुळाने, खळ्यावर मळणी करायची कुळाने, आणि वाटणीच्या वेळी शब्द चालायचा भाटकाराचा. मुंडकाराचे तर राहते घरही भाटकाराच्या जमिनीत. तोंड उघडायचे कसे?

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत 1964 चा कूळ कायदा आला आणि खंड उत्पन्नाच्या एक-षष्ठांशावर बांधला गेला. पुढे 1975 मध्ये मुंडकार कायदा, 1976 मध्ये कुळाला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती. पोर्तुगीज गेल्याच्या तारखेइतकेच हे आकडे गोव्याच्या इतिहासात मोठे आहेत असे मी मानतो. शाळेत कोणी शिकवले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ज्या हातांनी तो नांगर धरला त्यांची नावे वस्तूवर नसतात. संग्रहालयाचा त्यात दोष नाही. ती असलीच तर एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात असतात, नाहीतर दाव्याच्या फायलीत, अंगठ्याच्या ठशाखाली. कागद एवढेच सांगतो. माप शिगेने भरायचे की सपाट, उरलेल्या भातात घर किती महिने चालायचे, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेले नाही.

ते सांगू शकतील अशी माणसे 1964 मध्ये विशीत होती. आज ती ऐंशीच्या पुढे आहेत. घरात कोणी असेल तर त्यांनाच बाणावलीला घेऊन जा, आणि त्या मापांपाशी खुर्ची मागून बसवा.