हिंडली–मिलनर प्रकार-अनुमान

हिंडली–मिलनर प्रकार-अनुमान ही प्रोग्रॅमरने प्रकार न लिहिताही प्रोग्रॅममधील प्रत्येक पदाचा प्रकार कंपायलरला शोधून देणारी पद्धत आहे. एमएल, ओकॅमल, हास्केल या भाषांची प्रकार-व्यवस्था तिच्यावर उभी आहे. तर्कशास्त्रज्ञ रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे रॉबिन मिलनर यांनी १९७८ मध्ये ती मांडली. ही पद्धत नेहमी सर्वांत व्यापक प्रकारच शोधते, हे लुईस डामास व मिलनर यांनी १९८२ मध्ये दाखवले.

कार्यपद्धती

कंपायलर प्रत्येक अज्ञात प्रकाराला एक प्रकार-चल देतो, पदांच्या वापरावरून समीकरणे मांडतो आणि ती एकीकरणाने सोडवतो. त्यासाठीची रीत जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी १९६५ मध्ये दिली होती.

यादीची लांबी मोजणारे फंक्शन घेऊ. रिकाम्या यादीसाठी उत्तर शून्य; अन्यथा पहिला घटक वगळून उरलेल्या यादीची लांबी अधिक एक. यावरून दिलेले मूल्य यादी आहे आणि उत्तर पूर्णांक आहे, एवढेच ठरते. घटकांना कोठेही हात लागत नाही, म्हणून त्यांचे प्रकार-चल मोकळे राहते आणि फंक्शन कोणत्याही प्रकारच्या यादीला चालते. जेनेरिक प्रकार येथे घोषित करावा लागत नाही. बंधन न उरल्याने तो आपोआप मिळतो. घटकांची बेरीज करणाऱ्या फंक्शनात मात्र बेरजेमुळे हे स्वातंत्र्य आकुंचित होते.

मर्यादा

नाव देऊन बांधलेले फंक्शन निरनिराळ्या प्रकारांसाठी वापरता येते. तेच फंक्शन दुसऱ्या फंक्शनाला मूल्य म्हणून दिले, तर त्याच्या आत त्याला एकच प्रकार राहतो. नवशिक्यांना हा भेद मनमानी वाटतो, पण त्यामागे कारण आहे. हे बंधन पूर्णपणे काढलेल्या 'सिस्टिम एफ' या व्यवस्थेत प्रकार-अनुमान अनिर्णेय ठरते, असे जो वेल्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. समीकरणांतील विसंगती जेथे उघड होते तेथे कंपायलर त्रुटी दाखवतो. मूळ चूक बऱ्याच ओळी आधीची असू शकते. त्यामुळे गरज नसतानाही मुख्य फंक्शनांचे प्रकार लिहिण्याची प्रथा हास्केलमध्ये रूढ आहे.

जावासारख्या उपप्रकार असलेल्या भाषांत ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. जावात २००४ मध्ये जेनेरिक प्रकार आले, तर स्थानिक चलांचे प्रकार-अनुमान २०१८ मध्ये आले. मेथडच्या प्राचलांचे प्रकार तेथे आजही लिहावे लागतात.