जातीच्या रकान्यात ‘एनडी’

नागपुरात कुत्र्याला लस टोचायला नेले की कार्डावर नाव, वय आणि लिंग यांच्या खाली ‘ब्रीड’चा रकाना असतो. लॅब, जर्मन शेफर्ड, पग, शिट्झू असेल तर तो चटकन भरला जातो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लापुढे डॉक्टर दोन अक्षरे लिहितात, ‘एनडी’. नॉन-डिस्क्रिप्ट, म्हणजे कोणत्याच वर्णनात न बसणारे. आमच्या तांबूस कुत्रीच्या कार्डावरही तेच आहे. हा शेरा ज्यांना बोचतो ते हल्ली डीएनए चाचणीचे किट मागवतात आणि टक्केवारीचा रंगीत गोल हाती आला की समाधान पावतात. (वर्तमानपत्रे ब्रीडला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. ते चूक आहे. ग्रेट डेन आणि चिहुआहुआ यांची प्रजाती एकच. वेगळी असते ती जात.)

डीएनए एकच असला तरी त्याला विचारले जाणारे प्रश्न एका तोलाचे नसतात. काहींचे उत्तर मोजून मिळते, काहींचे ताडून. या दोहोंतला फरक लक्षात घेतला नाही तर अहवाल वाचणे म्हणजे कुंडली वाचण्यासारखे होते.

मोजून मिळणाऱ्या उत्तरांत पहिले पितृत्वाचे. कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतले एक आईचे आणि एक बापाचे. त्यांवर काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे कुत्र्यागणिक बदलते. समजा, अशा एका ठिकाणी पिल्लाचे आकडे १४ आणि १८ आहेत, आईचे १४ आणि १६. मग १८ बापाकडूनच आला पाहिजे. बाप म्हणून पुढे केलेल्या कुत्र्याचे आकडे १२ आणि २० असतील तर संशय पक्का होऊ लागतो. अशी वीसेक ठिकाणे तपासतात, आणि आकड्यात क्वचित होणारा बदल गृहीत धरून एकाहून अधिक ठिकाणी विसंगती दिसली की नाते नाकारतात. ‘नाही’ हे उत्तर भक्कम असते. ‘होय’ला संभाव्यतेची जोड लागते.

याचा दाखला नागपूरपासून फार लांब नाही. रेल्वेने उत्तरेला निघून इटारसी ओलांडली की होशंगाबाद, आताचे नर्मदापुरम. तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये एका काळ्या लॅब्राडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. एक म्हणे, हा माझा हरवलेला ‘कोको’. दुसरा म्हणे, हा माझा ‘टायगर’. पहिल्याने आपले पिल्लू पचमढीहून आणल्याचे सांगितले होते. पोलिसांनी तिथल्या बापाचा नमुना घेतला आणि तपासणी हैदराबादला झाली. मार्च २०२१ मध्ये अहवाल आला, नाते जुळले आणि कुत्रा ‘कोको’ ठरला. बातमी गंमत म्हणून देशभर छापली गेली. मला तीत तर्काचा नमुना दिसतो. प्रयोगशाळेने सिद्ध केले ते इतकेच की हा कुत्रा त्या बापाचा. त्याच विणीतले दुसरे कोणतेही पिल्लू तसेच जुळले असते. मालकी ठरते ती अहवाल आणि खरेदीची हकिकत एकत्र वाचल्यावर. हरवण्याआधीचा कोकोचाच नमुना जपून ठेवलेला असता तर बापापर्यंत जाण्याची गरज नव्हती. आणि मानेत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असती तर हैदराबादचीही नव्हती.

नमुन्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे व्यवहाराचे. कापसाची काडी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये अर्धा मिनिट फिरवतात. त्याआधी काही वेळ खाणे नाही. अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असतात, म्हणून त्याला आधी आईपासून दूर ठेवावे लागते. काडी ओलीच प्लास्टिकमध्ये कोंबली आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात कुरियरच्या गाडीत पडून राहिली तर जिवाणूंचे फावते. ती सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालावी. किंवा डॉक्टरांकडून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्तच काढून घ्यावे.

आता जात. ‘बॉक्सर’ असे डीएनएत कुठेही लिहिलेले नसते. २००५ मध्ये कुत्र्याच्या जनुकसंचाचा पहिला दर्जेदार आराखडा प्रसिद्ध झाला. तो ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा होता, सुमारे २.४ अब्ज अक्षरांचा. वेगवेगळ्या जातींत कोणती अक्षरे बदलतात हे त्यानंतर कळू लागले आणि चाचण्यांचा बाजार उभा राहिला. कंपनी तुमच्या कुत्र्याच्या डीएनएचे तुकडे आपल्या संग्रहातल्या शेकडो जातींशी ताडते आणि जवळात जवळचे नाव लावते. म्हणजे उत्तर कुत्र्यावर जितके अवलंबून, तितकेच संग्रहावर. संग्रहात जे नाही ते अहवालात येऊच शकत नाही. त्याच्या जागी कोणाचे तरी नाव येते. मग धरमपेठेतल्या गावठी कुत्र्याच्या अंगात चीनच्या चाउ चाउचे बारा टक्के निघतात आणि घरातले सगळे त्याची जीभ निळी आहे का ते तपासत बसतात.

मुळात गावठी कुत्रा ही जातींची भेळ नव्हे. इंग्लंडचा केनेल क्लब १८७३ चा. आजच्या बहुतेक विलायती जाती त्याच्या आगेमागे, निवडक जोड्या लावून, वंशावळीच्या वह्या ठेवून घडवलेल्या. माणसाच्या वस्तीभोवती आपापल्या मर्जीने वीण करणारे कुत्रे त्यांच्या कितीतरी आधीचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह ३८ देशांतल्या ५४९ ग्रामश्वानांचे नमुने होते, आणि त्यांतून कुत्र्याच्या उगमाची दिशा मध्य आशियाकडे दाखवली गेली. तो निष्कर्ष वादग्रस्त आहे. पण गावठी कुत्रा हा इतिहासाचा मूळ दस्तऐवज असतो, हे त्या अभ्यासाने दाखवले. त्याला ‘तू किती टक्के लॅब?’ असे विचारणे म्हणजे ज्वारीला ‘तू किती टक्के भाकरी?’ असे विचारणे. शहरातल्या काही कुत्र्यांत सोडून दिलेल्या विलायती कुत्र्यांचे रक्त मिसळले आहे, हे खरे. तेवढ्यापुरता प्रश्न रास्त. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजपालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ हाउंड या देशी जातींची नोंद केली, तीही २०२० च्या सुमारास. विलायती संग्रहात त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नुसत्या डोळ्यांनी जात ओळखणे तर त्याहून बेभरवशाचे, कारण रूप मूठभर जनुके ठरवतात. कुरळे, लांब की राठ, या केसांच्या बहुतेक तऱ्हा तीन जनुकांच्या मेळाने ठरतात, असे २००९ मध्ये दिसले. डॅशहुंडच्या आखूड पायांमागे एका जनुकाची जादा प्रत आहे. तेव्हा लॅब आणि गावठीच्या पिल्लात लॅब दिसलाच पाहिजे असे नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींवर आणि त्यांच्या संकरांवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. संकर ओळखायचा कसा, हा प्रश्न त्यात शिल्लकच होता. शिवाय जातीवरून स्वभाव फारसा कळत नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या. वागण्यातल्या फरकांपैकी जातीने उलगडले ते सुमारे नऊ टक्के.

ताडून येणारे उत्तर नेहमीच लंगडे असते, असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडग्यांच्या कळपात काही पिवळट, वेगळेच दिसणारे प्राणी फिरत होते. बंगळूरच्या प्रयोगशाळेत त्यांचा जनुकसंच वाचला गेला आणि लांडगा-कुत्रा संकराचा भारतातला पहिला जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उत्तर ठाम आले, कारण ताडायच्या बाजू दोनच होत्या आणि दोन्ही बाजूंचे नमुने हाताशी होते.

पाळणाऱ्याला खरा उपयोग आहे तो आजारांच्या चाचण्यांचा, आणि नेमके त्याबद्दल फारसे कोणी विचारत नाही. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात (स्थापना १९५८) सकाळी रांगेत उभे राहिले की लॅब्राडॉर हमखास भेटतात. या जातीत डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक विकार आहे. तो दोन्ही प्रतींत दोष असला तरच होतो. एकाच प्रतीत असेल तर कुत्रा नुसता वाहक. वाहकाची जोडी निर्दोष मादीशी लावली तर एकही पिल्लू आंधळे होणार नाही. दोन वाहक एकत्र आले तर सरासरी चारांत एक. वाहक म्हणून कुत्रा बाद करायचे मात्र कारण नाही, नाहीतर आधीच आटलेली वंशावळ आणखी आटते. लॅब सारखा खा-खा का करतो, याचेही थोडे उत्तर २०१६ मध्ये मिळाले: सुमारे पाव लॅब्राडॉरांत एका जनुकातली १४ अक्षरे गळालेली असतात.

कोली वंशाच्या कुत्र्यांत चार अक्षरे गळालेला आणखी एक दोष आढळतो. त्यांना आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा मेंदूवर बाधते, आणि आपल्याकडे खरूज-गोचिडांवर हे औषध किती सैल हाताने दिले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. जर्मन शेफर्डच्या मागच्या पायांतली शक्ती म्हातारपणी घालवणाऱ्या विकाराची चाचणी आहे, पण तिचा अर्थ जपून लावावा लागतो. दोन्ही प्रती सदोष असलेले कितीतरी कुत्रे कधीच लंगडत नाहीत. आणि खुब्याचा सांधा सैल राहण्याचा विकार, ज्याची विचारणा सर्वांत जास्त होते, तो अनेक जनुके, वजन आणि गुळगुळीत फरशी यांच्या एकत्र खेळातून होतो. त्याला गालातली काडी उपयोगाची नाही. कुत्र्याला गुंगी देऊन, उताणे झोपवून, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून एक्स-रेच काढावा लागतो.